ड्रायव्हरचा राग कोण ऐकतं?

फॉर्म्युला वनचा हंगाम सुरू होण्याआधीच्या चाचण्यांमधल्या वेळांवर जाणकार फारसा विश्वास ठेवत नाहीत. टाकीत इंधन किती होतं, इंजिन किती ताणलं, हे कुठलाच संघ सांगत नाही. मग पत्रकार आणि चाहते हेल्मेट उतरल्यावरचा चेहरा वाचू लागतात. ड्रायव्हर खुलून बोलतोय की दोन शब्दांत विषय संपवतोय, यावरून संघाचं वर्ष कसं जाणार याचे आडाखे बांधले जातात. जुने दाखले तपासले, तर हे आडाखे निम्मेच खरे ठरतात. गाडी आज कशी आहे, हे ड्रायव्हरच्या रागातून नेमकं कळतं. पुढचं मात्र तो राग कोण आणि कसा ऐकतो, यावर अवलंबून असतं.

१९७३ मध्ये फेरारीची दशा इतकी वाईट होती की डच आणि जर्मन ग्रां प्रीला संघ उतरलाच नाही. अशा वेळी निकी लाउडा हा चोवीस वर्षांचा ऑस्ट्रियन तरुण संघात आला. फिओरानोच्या ट्रॅकवर गाडी चालवून झाल्यावर त्याने ती अगदी टाकाऊ असल्याचं सांगितलं. समोर खुद्द एन्झो फेरारी बसलेले, आणि दुभाषा त्यांचाच मुलगा पिएरो. असं बोलता येणार नाही, म्हणून पिएरो बिचकला. शेवटी वळणावर गाडीचं पुढचं टोक बाहेर सरकतं, अशा शब्दांत तक्रार पोहोचली. सुधारणा करून फेरीमागे अर्धा सेकंद वाचव, नाहीतर चालता हो, असं एन्झोंनी बजावलं. अभियंते माउरो फोर्गिएरी यांनी पुढचं सस्पेन्शन बदललं आणि वेळ खाली आली. १९७४ मध्ये लाउडाने हारामाची शर्यत जिंकली, १९७५ मध्ये विश्वविजेतेपद. फेरारीच्या ड्रायव्हरला हा मान अकरा वर्षांनी मिळाला होता.

अलें प्रोस्टच्या वाट्याला वेगळी फेरारी आली. १९९० मध्ये त्याने या संघाला पाच शर्यती जिंकून दिल्या, पण पुढच्या वर्षी एकही विजय नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये सुझुकाला चौथा आल्यावर त्याने गाडीची तुलना ट्रकशी केली. ॲडलेडची शेवटची शर्यत होण्याआधीच त्याची हकालपट्टी झाली. गाडी मात्र तशीच राहिली. फेरारीला पुढचा विजय थेट १९९४ मध्ये, गेरहार्ड बर्गरने हॉकेनहाइमला मिळवून दिला. प्रोस्ट तोवर विल्यम्सकडून चौथं विश्वविजेतेपद जिंकून निवृत्तही झाला होता.

नंतर रेडिओवरचं बोलणंही प्रेक्षकांच्या कानी पडू लागलं. २०१५ मध्ये होंडाच्या घरच्या मैदानावर, सुझुकालाच, फर्नांडो अलोन्सोने मॅक्लारेनमधलं होंडाचं इंजिन खालच्या दर्जाच्या जीपी-टूचं आहे, असं ओरडून सांगितलं. सरळ रस्त्यावर मागच्या गाड्या सहज पुढे निघून जात होत्या, त्यामुळे त्याचा संताप खोटा नव्हता. त्या वर्षी दहा संघांत मॅक्लारेन नववा आला, आणि २०१७ नंतर मॅक्लारेन आणि होंडाची फारकत झाली.

होंडाने मात्र मैदान सोडलं नाही. टोरो रोसोकडे इंजिन सुधारत नेलं, मग रेड बुलला दिलं. २०१९ मध्ये ऑस्ट्रियात जिंकल्यावर मॅक्स व्हर्स्टाप्पेनने पोडियमवर छातीवरच्या होंडाच्या चिन्हाकडे बोट दाखवलं. २०२१ मध्ये त्याच होंडाच्या बळावर तो विश्वविजेता झाला. मे २०२३ मध्ये ॲस्टन मार्टिनने २०२६ पासून होंडाचं इंजिन घेण्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी त्याच संघाशी २०२६ पर्यंतचा करार वाढवणारा ड्रायव्हर होता फर्नांडो अलोन्सो.