बाप्तिस्म्याविषयीं नव्या करारांतील वचनभेद

इ. स. १८५२ त अमेरिकन मिशनरी रे. रॉयल वायल्डर कोल्हापुरास आले, तेव्हां मुंबईच्या अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार (१८२६) छापून पाव शतक लोटलें होतें. ख्रिस्ती शास्त्रांतील वचनें परस्परांशीं ताडून पाहणें मराठी वाचकांस त्यामुळें शक्य झालें. त्यांत बाप्तिस्म्याचा प्रश्न मोठ्या निकडीचा. कारण या एका विधीनें त्या काळीं मनुष्य जातीला व बहुधा घरालाही अंतरत असे. अशा विधीचा मंत्र कोणता, याविषयींच शास्त्रांत दोन मतें दिसावीं, हें विचारणीय आहे.

मत्तयाच्या अखेरीस (२८.१९) पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (२.३८, ८.१६, १०.४८, १९.५) मात्र केवळ येशूच्या नांवाचा उल्लेख येतो. कॉनिबेअर यांनीं १९०१ त युसेबियसच्या अवतरणांवरून मत्तयाचें त्रिनामयुक्त वाक्य मागाहूनचें असावें, असें प्रतिपादिलें. परंतु ज्या ज्या ग्रीक पोथ्यांत हा भाग शाबूत आहे, त्या सर्वांत तें वाक्य आढळतें. तेव्हां केवळ अवतरणांवरून पोथ्यांची साक्ष रद्द ठरवितां येत नाहीं.

याहून महत्त्वाचा पुरावा 'बारा प्रेषितांची शिकवण' (डिडाखी) या प्राचीन ग्रंथाचा होय. इ. स. १०५६ त नकललेली त्याची ग्रीक पोथी ब्रायेनिओस यांस १८७३ त कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली. ग्रंथ १८८३ त प्रसिद्ध झाला. त्याच्या सातव्या प्रकरणांत तीन नांवांनीं, शक्य तर वाहत्या पाण्यांत, बाप्तिस्मा द्यावा असें सांगितलें आहे. नवव्यांत मात्र 'प्रभूच्या नांवानें' बाप्तिस्मा झालेल्यांनींच प्रभुभोजन घ्यावें, असें म्हटलें आहे. म्हणजे एकाच ग्रंथांत दोन्ही प्रकार नांदतात. पहिल्या ठिकाणीं विधि सांगावयाचा आहे, दुसऱ्या ठिकाणीं माणसें ओळखावयाचीं आहेत. आपल्या दप्तरांतही सनदेंत संपूर्ण बिरुदावली येते व बातमीपत्रांत नुसतें 'महाराज' येतें. तेवढ्यावरून सनद बनावट ठरत नाहीं.

या पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रेषितांच्या काळीं तीन नांवें उच्चारलीं जात होतीं, हें यावरून सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, संक्षिप्त उल्लेख हा स्वतः विरुद्ध पुरावा नव्हे.

करवीर प्रांतांतील संग्राहकांपाशीं नव्या कराराच्या जुन्या मराठी प्रती असल्यास त्यांनीं त्यांच्या समासांतील हस्तलिखित टिपा अवश्य नोंदवाव्या. या वचनांपाशीं तत्कालीन वाचक कोठें अडखळला, हें कळलें तर तेथेंच कळेल.