‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ : एका जुन्या वादाचा शोध

आमच्या नागपूरच्या घराच्या ओसरीवर एक वाद वर्षानुवर्षे चालत आला होता. बाबा म्हणायचे, व्ही. शांतारामांच्या त्या दोन मित्रांच्या चित्रपटात हिंदू शेजारी केशवराव दात्यांनी केला. पलीकडच्या घरातले चाचा मान हलवायचे, ‘‘नहीं भाऊ, मझहर खान थे.’’ दोघांनीही तो शाळकरी वयात पाहिलेला आणि दोघेही ठाम. दोघेही बरोबर होते, हे कळायला मात्र व्हीसीडीचे दिवस यावे लागले.

१९४१ साली ‘प्रभात’ने पुण्यात एकच कथा दोन भाषांत चित्रित केली. मराठीत ‘शेजारी’, हिंदीत ‘पडोसी’. कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे. खेड्यातले दोन जिवलग शेजारी, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरण बांधायला निघालेला ओंकार गावाचा विरोध मोडण्यासाठी दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण उद्ध्वस्त होते आणि हे मित्र मृत्यूतच एकत्र येतात. पाकिस्तानच्या मागणीचा लाहोर ठराव १९४० चा; त्यानंतर वर्षभरातच हा चित्रपट आला. ‘प्रभात’साठी शांतारामांनी दिग्दर्शित केलेला तो शेवटचा. १९४२ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘राजकमल’ काढले.

शांतारामांवरच्या लेखनात ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘माणूस’ (१९३९) यांना पानेच्या पाने मिळतात, पुढे ‘दो आँखें बारह हाथ’, ‘नवरंग’, ‘पिंजरा’ यांनाही. ‘शेजारी’च्या वाट्याला बहुधा एक वाक्य येते : हिंदू-मुस्लिम ऐक्याचा चित्रपट. मीही तेवढ्यावरच समाधानी होतो.

‘शेजारी’ची व्हीसीडी मला सीताबर्डीवर मिळाली. ‘पडोसी’ पुढे बऱ्याच महिन्यांनी जुन्या हिंदी चित्रपटांच्या ढिगात सापडला. एका चकतीत जेमतेम सव्वा तास मावतो, त्यामुळे प्रत्येक चित्रपटाचे दोन तुकडे. चित्र इतके ढोबळ की रात्रीच्या प्रसंगांत अंधाराचे चौकोन दिसायचे. तरी चित्रपटगृहात कधी शक्य नव्हते ते आता करता येणार होते. चाचांच्या मुलाने त्यांचा टीव्ही आणि प्लेअर आमच्या ओसरीवर आणून ठेवला. एका पडद्यावर ‘शेजारी’, दुसऱ्यावर ‘पडोसी’. एक थांबवायचा, दुसरा तिथवर आणायचा.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, ‘‘अरे, मिर्झा तर तोच आहे रे!’’ चाचा हसले, ‘‘चलो, आधा झगडा तो खतम हुआ.’’

मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदारच आहेत. त्यांचा मित्र मात्र मराठीत केशवराव दाते यांनी साकारलेला पाटील, तर हिंदीत मझहर खान यांनी साकारलेला ठाकूर. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ या दोन्हींत शांता आपटे आणि दातेच होते. ‘माणूस’ आणि ‘आदमी’त शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. म्हणजे दोन्ही भाषांत तीच प्रमुख माणसे घेण्याची रीत शांतारामांनी स्वतःच पाळली होती आणि ती त्यांनी इथे मोडली. पाटलाचा ठाकूर झाला की गावही बदलते. पाटील आपल्याकडचा वतनदार, त्याचे भांडण आपल्या वेशीच्या आतले. ठाकूर म्हटले की उत्तर हिंदुस्थान डोळ्यांपुढे येतो.

हिंदीत आणखी एक गोष्ट घडते. मुसलमान नट हिंदूची भूमिका करतो आणि हिंदू नट मुसलमानाची. चित्रपटाला जे सांगायचे आहे ते पात्रयोजनेतच सांगून झालेले असते. मराठीत दोन्ही नट हिंदू, त्यामुळे तो आधार नाही. सारा भार अभिनयावर पडतो आणि रंगभूमीवर मुरलेले दाते तो पेलतात. माझ्या मते म्हणूनच ‘शेजारी’ हा निव्वळ ऐक्याचा धडा राहत नाही, ती दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीची गोष्ट होते. ‘पडोसी’ साऱ्या देशाला उद्देशून बोलतो, ‘शेजारी’ गावाशी बोलतो. १९४१ मध्ये नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते आणि इथल्या गल्ल्यांत दोन्ही भाषा नांदत होत्या. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकाच चित्रपटाच्या दोन आठवणी राहिल्या, त्या अशा.

या ढोबळ चकत्यांना कमी लेखू नये, असे मला वाटते ते आणखी एका कारणाने. त्या काळचे चित्रपट नायट्रेट फिल्मवर असत आणि ती चटकन पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि ‘प्रभात’ची मूळ रिळेही तिच्यात गेली. पुढे काढलेल्या प्रतींवरच आपली मदार आहे. त्यांतही मागणी असते ती नावाजलेल्या चित्रपटांना. दोन आवृत्त्यांपैकी एक दुर्लक्षित राहिली, तर दिग्दर्शकाने केलेली निवडच नजरेआड होते, कारण निवड दिसायला दोन्ही बाजू समोर लागतात.

बाबा आणि चाचा आज नाहीत. माझ्या नव्या संगणकाला चकती घालायची खाचच नाही, म्हणून जुना प्लेअर दुरुस्त करून ठेवला आहे. कोणी विचारले तर मी आधी ‘शेजारी’ दाखवतो, मग ‘पडोसी’. चाचांना हा क्रम कधीच पटला नव्हता.