म्हशींतील कासदाह

जंतुसंसर्गामुळे दुभत्या म्हशीच्या कासेतील दूधग्रंथींना येणाऱ्या सुजेस कासदाह म्हणतात. तीव्र अवस्थेत कास टणक होत असल्याने पशुपालक या रोगास ‘दगडी’ असेही म्हणतात.

कारणे : म्हशीच्या सडाच्या टोकाशी असलेला वर्तुळाकार स्नायू गाईपेक्षा घट्ट असल्याने जंतूंना आत शिरण्यास नैसर्गिक अडथळा होतो, परंतु या घट्टपणामुळेच अनेक ठिकाणी अंगठा मुडपून धार काढतात व त्यामुळे सडाच्या आतील अस्तरास इजा होऊन संसर्गास वाव मिळतो. म्हशीचे बहुतेक दूध कासेच्या वरच्या भागातील सूक्ष्म पिशव्यांत असते आणि पान्हा सुटल्यावरच खाली उतरते, त्यामुळे पान्हा येण्यापूर्वी सड ओढल्यासही अशीच इजा होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए हे गोलाकार जंतू मुख्यतः धार काढणाऱ्याच्या हातांतून एका म्हशीकडून दुसरीकडे जातात, तर ई. कोलाय व क्लेब्सिएला शेण, चिखल आणि ओल्या गोठ्यातून सडापर्यंत पोहोचतात.

लक्षणे व निदान : व्यक्त प्रकारात कास गरम व दुखरी होते, दुधात गुठळ्या, पू किंवा रक्त दिसते आणि म्हशीला ताप येतो. सुप्त प्रकारात कास व दूध वरवर निरोगी दिसत असले, तरी दूध घटते, त्यातील पांढऱ्या पेशी व क्षार वाढतात आणि ते खारट लागू शकते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्निया कासदाह चाचणीत प्रत्येक सडाच्या दुधात अपमार्जक द्रावण मिसळतात. पेशी फुटून त्यांतील डीएनए बाहेर पडल्याने संसर्गित दूध चिकट होते.

उपचार व प्रतिबंध : जंतूंची ओळख पटवून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने योग्य प्रतिजैविक देतात, मात्रा पूर्ण करतात आणि औषधाचा अंश असेपर्यंत दूध विकत नाहीत. दूधग्रंथींच्या जागी एकदा तंतुमय ऊतक तयार झाले की तो सड पूर्ववत दूध देत नाही, म्हणून प्रतिबंधास उपचारापेक्षा अधिक महत्त्व आहे. त्यासाठी कास धुऊन कोरडी करावी, पूर्ण मुठीने धार काढावी, बाधित म्हशीचे दूध सर्वांत शेवटी काढावे आणि नंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. धार काढल्यावर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहत असल्याने त्या वेळी वैरण टाकून म्हशीस उभे ठेवावे.