नकाशावरील आकडा : मुंबईच्या आरेखनपद्धतीतील एक स्थित्यंतर

जुन्या इमारतीचा नकाशा हाती आला म्हणजे अभ्यासक प्रथम रेषा पाहतो. रेषांच्या कडेला लिहिलेल्या मापांकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. बांधकामावरील गवंडी व सुतार यांची रीत मात्र उलट आहे. कागद आकसतो, प्रत काढताना ताणला जातो. म्हणून नकाशावर पट्टी लावून माप घ्यावयाचे नाही, लिहिलेला आकडाच प्रमाण मानावयाचा, हा या व्यवसायाचा जुना दंडक आहे. तेव्हा आकडा हाच दस्तऐवजाचा बंधनकारक भाग होय, आणि तो कोणी, कोणत्या एककात व कोणत्या रीतीने लिहिला हा प्रश्न साधनचिकित्सेच्या कक्षेत येतो.

मुंबई शहरात या प्रश्नास मोठा इतिहास आहे. 1865 ते 1872 या काळात लॉफ्टन यांच्या देखरेखीखाली शहराची जी मोजणी झाली, तिचे नकाशे चाळीस फुटांस एक इंच या प्रमाणात काढलेले होते. गिरगावातील जमिनींचे क्षेत्र पुढे दीर्घकाळ चौरस वारांतच नोंदले जात होते. प्लेगच्या साथीनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडील नव्या वस्तीची आखणी त्याने हाती घेतली. अशा कामांना आरेखक लागत. सर ज. जी. कलाशाळेत 1896 मध्ये ड्राफ्ट्समनांचा वर्ग निघाला होता. भायखळ्यास 1887 मध्ये सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था 1923 मध्ये माटुंग्यास आली. तथापि बाणाचे टोक भरीव असावे की तिरकी रेघ मारावी, आकडा रेषेवर लिहावा की रेषा तोडून मध्ये लिहावा, हे उमेदवार शिकत असे ते कचेरीतल्या मुख्य ड्राफ्ट्समनच्या हाताखाली. परळची रेल्वे वर्कशॉप असो की लालबागची एखादी गिरणी, प्रत्येक कचेरीला आपापले वळण असे. अभ्यासकाच्या दृष्टीने हे वळण म्हणजे सहीच आहे. त्याहून मोलाची आहे ती ट्रेसिंग क्लॉथवरील खरवड. चुकलेला किंवा मागाहून बदललेला आकडा ब्लेडने खरवडून काढावा लागे, आणि ती जागा उजेडात धरताच कळते.

या विविधतेला पहिला आळा घातला तो मानकांनी. भारतीय मानक संस्थेची अभियांत्रिकी आरेखनाची संहिता (आय. एस. 696) 1955 मध्ये प्रसिद्ध झाली, 1960 व 1972 मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. इमारतींच्या नकाशांसाठीच्या आय. एस. 962 ची सुधारित आवृत्ती 1967 मध्ये आली. दरम्यान 1956 च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली गेली होती. सरकारी नकाशा मीटरमध्ये गेला, मुंबईकराची खोली मात्र फुटांतच राहिली. आजही ती तेथेच आहे.

या दुहेरीपणाचा परिणाम किती होतो? बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतील खोली साधारण 160 चौरस फुटांची आणि एका चाळीत खोल्या बहुधा ऐंशी. समजा, अशी एक खोली 10 फूट रुंद व 16 फूट लांब आहे. मीटरमध्ये ही मापे 3.048 व 4.8768 होतात आणि क्षेत्र 14.86 चौरस मीटर भरते. नकाशावर दशांशाचे एकच स्थळ लिहावयाचे ठरले, तर 3.0 व 4.9 असे आकडे उमटतील व त्यांचा गुणाकार 14.7 येईल. ऐंशी खोल्यांत हा फरक 13 चौरस मीटरांवर जातो, म्हणजे कागदोपत्री जवळजवळ एक खोली नाहीशी होते. दशांशाची स्थळे किती ठेवावी हा निर्णय पूर्वी आरेखक घेत असे, निदान त्याच्या हातून तो होत असे. आता तो संगणकाच्या फायलीत आधीच घेतलेला असतो.

ऑटोकॅड ही आरेखनाची संगणकप्रणाली 1982 च्या डिसेंबरात विक्रीस आली. त्याच वर्षी 18 जानेवारीस गिरणगावातील संप सुरू झाला होता. या दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही. परंतु 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनींवर जी नवी बांधकामे आली, ती टी-स्क्वेअर मागे पडून संगणक पुढे येत असतानाच्या काळातील आहेत. 1990 च्या अकराव्या आवृत्तीत मापांच्या लेखनपद्धतीला नाव देऊन ती साठविण्याची सोय झाली. बाणाचा आकार, अक्षराची उंची, एकक, दशांशस्थळे, पूर्णांकन यांच्या अशा संचास येथे मापशैली म्हटले आहे. प्रणालीबरोबर दोन तयार शैली येतात : इंची पद्धतीची ‘स्टँडर्ड’ आणि दशमान ‘आयएसओ-25’. पहिलीतील अक्षराची उंची 0.18, दुसरीतील 2.5. मिलिमीटरमध्ये काढलेल्या इमारतीवर पहिली शैली तशीच राहिली तर आकडे धुळीच्या कणाएवढे उमटतात. नवशिक्याला हा अनुभव हमखास येतो.

म्हणून कचेऱ्यांनी आपली शैली आपोआप लागू होईल अशा युक्त्या योजल्या. सर्वांत साधी म्हणजे शैली आधीच भरलेली कोरी नमुना-फाइल. दुसरी म्हणजे ऑटोलिस्प भाषेतील छोटा कार्यक्रम. ही भाषा 1986 पासून उपलब्ध होती. व्हिज्युअल लिस्प 1999 साली ऑटोकॅड 2000 मध्ये अंतर्भूत झाल्यावर आज्ञांवर पाळत ठेवणे शक्य झाले. आरेखकाने माप देण्याची आज्ञा सुरू करताच कार्यक्रम योग्य लेयर व शैली निवडतो आणि आज्ञा संपताच पूर्वस्थिती परत आणतो. येथवर ही केवळ सोय आहे, आणि चांगली सोय आहे. मुख्य ड्राफ्ट्समनची करडी नजर तिने यंत्रात आणली.

परंतु पुराव्याचे स्वरूप तिने बदलले. दोन कचेऱ्यांच्या शैलींचे नाव एकच असेल आणि एकीची आकृती दुसरीच्या नकाशात घातली, तर नावामागची व्याख्या यजमान नकाशाची लागू होते. पाहुण्या आकड्यांचे वळण, आणि कधी दशांशस्थळेही, मुकाट्याने बदलतात. याहून गंभीर गोष्ट हाताने टंकलेल्या आकड्याची. यंत्राने मोजलेले माप पुसून तेथे इच्छित आकडा लिहिण्याची मुभा प्रणालीत आहे, आणि अशा आकड्यालाही स्वयंचलित शैली तेच अक्षर व तोच बाण देते. ट्रेसिंग क्लॉथवर खरवड दिसे. येथे छापील प्रतीवर काहीच दिसत नाही.

मूळ फाइल उपलब्ध असेल तर मात्र परिस्थिती अगदी निराळी होते. पूर्णांकन केवळ दर्शनी असते. रेषेची खरी लांबी अनेक दशांशांपर्यंत फायलीत कायम राहते, टंकलेला आकडा वेगळा नोंदलेला असतो आणि शैलीचे नावही सापडते. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशाला 500 चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले, ते 46.45 चौरस मीटर होते. उद्याच्या अभ्यासकाला या घरांचा नकाशा कागदावर मिळाला तर त्याला शैलीने दाखविलेला आकडा मिळेल. फाइल मिळाली तर भिंत कोठे काढली होती, हेही मोजता येईल. दप्तरखान्यात आज जतन होते ती बहुधा छापील प्रत.