भौतिक डोमेन कंट्रोलरपासून आभासी सर्व्हरकडे : एका स्थलांतराचा इतिहास

प्रस्तावना

नागपूरचे उच्च न्यायालय १९३६ साली स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा कायद्याने तेच न्यायालय नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय मानले आणि त्याचे मुख्यपीठ जबलपूरला आले. विदर्भ मुंबई राज्यात गेल्यामुळे नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. जुन्या न्यायालयाचा वारसा कोणाकडे, याविषयी संदिग्धता ठेवली नव्हती. अधिकार असलेली संस्था हलवताना इमारतीपेक्षा हा प्रश्न मोठा असतो. संगणकजाळ्यातील डोमेन कंट्रोलर हलवतानाही तोच प्रश्न उभा राहिला.

डोमेन कंट्रोलर म्हणजे काय?

एखाद्या कार्यालयातील सर्व कर्मचाऱ्यांची खाती, पासवर्ड आणि परवानग्या ज्या सर्व्हरवर नोंदलेल्या असतात, तो डोमेन कंट्रोलर. सकाळी संगणक सुरू करून आपण पासवर्ड देतो, तो बरोबर की चूक हे हा सर्व्हर ठरवतो. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये एकच प्राथमिक कंट्रोलर नोंदी बदलू शकत असे. बाकीचे त्याची नक्कल ठेवत. २००० साली अॅक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि प्रत्येक कंट्रोलरला बदल करण्याचा अधिकार मिळाला. प्रत्येक जण आपल्या बदलांना चढते क्रमांक देतो आणि कोणाचे बदल कुठपर्यंत मिळाले, हे इतर कंट्रोलर लक्षात ठेवतात. ही सारी व्यवस्था एका गृहीतकावर उभी होती : क्रमांक कधी मागे जात नाहीत.

आभासी सर्व्हरचे आगमन

२००१ मध्ये व्हीएमवेअरने ईएसएक्स सर्व्हर बाजारात आणला. एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालू लागले. वीज, जागा आणि खर्च वाचला. आता संपूर्ण सर्व्हर म्हणजे काही फायली झाल्या. त्यांची प्रत काढता येते आणि कालच्या स्थितीत परतही जाता येते. इतर सर्व्हरसाठी ही सोय होती, डोमेन कंट्रोलरसाठी मात्र धोका.

समजा, 'अ' कंट्रोलरचा क्रमांक ५००० असताना त्याची आभासी प्रत काढली. मूळ यंत्र चालूच राहिले आणि क्रमांक ५२०० झाला. ते बदल 'ब'ने घेतले. मग मूळ यंत्र बंद करून जुनी प्रत सुरू केली. ती नव्या बदलांना ५००१ पासून क्रमांक देते. 'ब'च्या लेखी 'अ'चे ५२०० पर्यंतचे बदल मिळालेले आहेत, म्हणून तो हे मागतच नाही. नोकरी सोडलेल्या माणसाचे खाते 'अ'वर बंद केले, तरी 'ब'वर ते उघडे राहू शकते. दोन नव्या खात्यांना एकच ओळखक्रमांक मिळण्याचीही शक्यता असते. सुरुवातीला हा बिघाड गुपचूप घडे, हीच त्याची गंभीर बाजू. २००५ साली विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये तो ओळखून रेप्लिकेशन थांबवण्याची सोय आली.

उपाय कसे घडले?

प्रशासकांमध्ये एक पद्धत रूढ झाली : जुना कंट्रोलर उचलून नेऊ नये. नवा आभासी सर्व्हर उभारावा, त्याला स्वतंत्र ओळख देऊन कंट्रोलर करावे, नोंदी पूर्ण पोचू द्याव्यात, जुन्याकडे असलेल्या विशेष भूमिका नव्याकडे सोपवाव्यात आणि मगच जुन्याला रीतसर निवृत्त करावे. घड्याळाकडेही लक्ष हवे. कर्बेरॉस पद्धतीत वेळेचा फरक साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त झाला, तर प्रवेश नाकारला जातो. सर्व कंट्रोलर एकाच यंत्रावर ठेवणेही टाळावे. ते यंत्र बंद पडले, तर कोणालाच प्रवेश मिळणार नाही.

विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये आभासी यंत्राला पिढीदर्शक क्रमांक देण्यात आला. यंत्र जुन्या स्थितीत नेले की तो बदलतो. बदल दिसताच कंट्रोलर स्वतःची नोंदवहीची ओळख नवी करतो आणि हाती असलेले ओळखक्रमांक टाकून देतो. आपण भूतकाळातून आलो आहोत, हे त्याला प्रथमच कळू लागले.

समारोप

प्रत काढणे सोपे झाले, तेव्हा अस्सल कोण हे ठरवणे अवघड झाले. म्हणून या इतिहासाचा धडा हस्तांतराचा आहे. फायली हलवल्या म्हणून अधिकार हलत नाही. तो क्रमाने सोपवावा लागतो.

सरावासाठी प्रश्न

१. एनटी आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरी यांतील बदल करण्याच्या अधिकारातील फरक स्पष्ट करा.
२. बदलांचे क्रमांक मागे गेल्यास काय घडते, ते उदाहरणासह सांगा.
३. २०१२ च्या सुधारणेनंतरही नवा कंट्रोलर उभारण्याची पद्धत श्रेयस्कर का, याची चर्चा करा.