शिक्षण फुकट, पण सर्व्हर कोणाचा?

इंटरनेटमुळे ज्ञानाची मक्तेदारी संपली, आता ज्याला शिकायचे तो शिकतो, राखीव जागांचे रडगाणे कशाला, असा युक्तिवाद हल्ली सर्रास ऐकवला जातो. त्याला भावनेने उत्तर देण्यात अर्थ नाही. इतिहास काय सांगतो ते पाहू.

2011 च्या शरद सत्रात स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सगळ्यांसाठी फुकट खुला केला. सुमारे 1,60,000 जणांनी नाव नोंदवले, पूर्ण केला तो सुमारे 23,000 जणांनी. 2012 मध्ये युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स उभे राहिले, आणि विद्यापीठांचे दिवस भरले अशा घोषणा सुरू झाल्या. पण 2013 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या कोर्सेरा अभ्यासक्रमांचे विद्यार्थी तपासले, तेव्हा दहापैकी आठ जणांकडे आधीच पदवी होती. त्याच वर्षी सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटीसोबत गणिताचे ऑनलाइन वर्ग चालवले. पहिल्या सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गापेक्षा बरेच खाली राहिले आणि प्रयोग थांबवावा लागला. म्हणजे दार उघडे होते, पण आत बहुतेक तेच गेले ज्यांना आधीपासून आत जायची सवय होती. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही.

या गाजावाजाच्या बाजूने मात्र दुसरी एक वाट निघाली. 2013 मध्ये ओडिन प्रोजेक्ट आणि 2014 मध्ये क्विन्सी लार्सन यांचे फ्रीकोडकॅम्प सुरू झाले. इथे तासन्तास व्याख्यान ऐकायचे नाही, वस्तू बनवून दाखवायची. फ्रीकोडकॅम्पच्या बॅकएंड प्रमाणपत्रासाठी पाच प्रकल्प असतात. तारीख सांगणारी सेवा, विनंतीचे तपशील वाचणारी सेवा, लांब पत्ता आखूड करणारी सेवा, व्यायामाची नोंदवही आणि अपलोड केलेल्या फाइलची माहिती देणारी सेवा. तुम्ही लिहिलेल्या सर्व्हरला चाचणी स्वतः प्रश्न विचारते. उत्तर बरोबर आले तर पास. आडनाव, गाव, महाविद्यालय यांतले काहीही ती विचारत नाही. तोंडी परीक्षेत आडनाव ऐकून बदलणारे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पहिल्याच प्रकल्पात एक गंमत आहे. कॉम्प्युटर 1 जानेवारी 1970 पासून वेळ मोजतो, आणि तो आकडा व तारीख यांची अदलाबदल करून दाखवायची असते. उदाहरणाला दिलेली तारीख आहे 25 डिसेंबर 2015. ती त्यांच्या दृष्टीने नाताळची. आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलींनी लगेच तिथे 25 डिसेंबर 1927 टाकून पाहिले. उत्तर आले उणे 1326067200000 आणि वार रविवार. मनुस्मृती महाडला जाळली तो दिवस यंत्राच्या काळाआधीचा निघाला! त्या दिवशी ऋण संख्या कशी हाताळायची हे वेगळे शिकवावे लागले नाही.

आता बॅकएंडच का, यावर आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पडद्यावर दिसणारे बटण म्हणजे फ्रंटएंड. बटण दाबल्यावर माहिती जिथे तपासली जाते, साठवली जाते, नाकारली जाते, ते बॅकएंड. शिष्यवृत्तीच्या अर्जावर 'अपात्र' असा शेरा येतो, तेव्हा ती अट कुठल्या तरी फाइलमध्ये कोणीतरी लिहिलेली असते. पूर्वी नियम पोथीत असत आणि पोथी वाचायला बंदी होती. आज बंदी नाही, पण नियम सर्व्हरवर असतात, आणि आपली मुले बहुतांशी माहिती भरायच्या कामावर असतात.

अडचण नेमकी इथेच आहे. फ्रंटएंडचे पान कुठल्याही मोबाइलवर उघडून दाखवता येते. बॅकएंड जगाला दाखवायचे तर सतत चालू राहणारा सर्व्हर लागतो. अनेक वर्षे शिकणारे आपले प्रकल्प हेरोकूच्या फुकट योजनेवर ठेवत. गैरवापराचे कारण देऊन कंपनीने 28 नोव्हेंबर 2022 पासून ती योजना बंद केली, त्यानंतर सर्वांत स्वस्त योजना महिना 5 डॉलरची. पुण्याच्या आयटीतल्या कुटुंबाला 5 डॉलर म्हणजे एक कॉफी. ज्या घरात क्रेडिट कार्ड नाही, तिथे रक्कम किती हा प्रश्नच येत नाही, ती भरायची कशी इथेच गाडी अडते. जागा फुकट देणाऱ्या दुसऱ्या कंपन्या आहेत, पण त्यांच्याही अटी बदलत राहतात, आणि शिकणाऱ्याने केलेले काम त्या अटींबरोबर उडून जाते.

बाबासाहेबांनी 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थ्यांना पुढे नोकरीवर जायचे असे. 'प्रवेश सर्वांना खुला' एवढी पाटी लावून ते थांबले नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इमारत, वेळ, वसतिगृह, ग्रंथालय यांचा विचार केला. आजच्या फुकट अभ्यासक्रमात नेमके हेच नाही. व्हिडिओ मोफत, प्रमाणपत्र मोफत, पण लॅपटॉप, शांत खोली, इंग्रजी समजावणारा माणूस आणि सर्व्हर ज्याचा त्याने आणायचा.

म्हणून आमचा आग्रह विहारांच्या विश्वस्तांकडे आहे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे पैसे जातात, तेवढ्यात जुना कॉम्प्युटर, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आणि वर्षभराचे इंटरनेट येते. त्यावर लिनक्स टाकले की वस्तीतली दहा-बारा मुले आपापले प्रकल्प एकाच यंत्रावर चालवू शकतात, आणि कंपनीने योजना बदलली म्हणून काही पुसले जात नाही. आमच्याकडच्या एका विहारात असे यंत्र पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवले आहे. त्यावर सध्या ग्रंथालयाची देवघेव नोंदवही चालते. व्यायामाच्या नोंदवहीचाच प्रकल्प, फक्त व्यायामाच्या जागी पुस्तकाचे नाव आणि मिनिटांच्या जागी दिवस.