एक सोडायला गेलो, अख्खी दावण सुटली

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज शनिवार सापडला. शनिवार म्हणजे आमच्या काष्टीचा, श्रीगोंदा तालुक्यातला, जनावरांचा बाजार. एप्रिल २०२१ मध्ये मात्र तो बंद होता आणि मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी. काम काय, तर कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगांमध्ये कोणाला काय करता येईल ते ठरवणं.

आधी थोडा इतिहास. जेफ्री स्नोव्हरने २००२ मध्ये 'मोनॅड मॅनिफेस्टो' लिहिला. माऊसने टिचक्या मारत बसण्याऐवजी छोट्या छोट्या आज्ञा एकमेकींना जोडा, असा त्याचा मथितार्थ. त्यातून २००६ मध्ये पॉवरशेल आलं, आणि मायक्रोसॉफ्टने लिंक सर्व्हर २०१० चा सगळा कारभार त्यावर उभा केला. नियमांची उतरंड ठरली: सगळ्यांसाठी ग्लोबल, मग साइट, मग एकेका माणसाची पॉलिसी. जो नियम माणसाच्या सर्वात जवळचा, तो चालणार. पुढे २०१५ मध्ये लिंकचं स्काइप फॉर बिझनेस झालं, २०१७ मध्ये टीम्स आलं. पण टीम्सच्या आज्ञांतही 'सीएस' ही अक्षरं अजून आहेत. सीएस म्हणजे कम्युनिकेशन्स सर्व्हर! घर बदललं, पाटी तीच.

तर झालं असं. एक प्रोजेक्ट संपला होता, त्या टीमच्या खास पॉलिसी काढायच्या होत्या. पॉलिसीच्या नावाजागी 'नल' दिलं की माणूस परत ग्लोबलवर येतो. दोन ओळींची स्क्रिप्ट. फक्त फिल्टर लावायचा राहिला...

सगळे ग्लोबलवर! आमच्या ग्लोबलमध्ये कॅप्शन्स बंद होत्या. एका सहकाऱ्याला कमी ऐकू येतं, त्याच्यासाठी मीच वेगळी पॉलिसी केली होती. चूक दुरुस्त केली, पण बदल लागू व्हायला तास लागतात, कधी अख्खा दिवसही. तो दोन मीटिंगा नुसता चेहरे बघत बसला. तक्रार केली नाही, आणि तेच जास्त लागलं.

रात्री दादांना सांगितलं. म्हणाले, "एक जनावर सोडाया गेलास, अन् अख्खी दावण मोकळी केलीस की रे!"

तेव्हापासून आधी सगळ्यांच्या पॉलिसी फाइलमध्ये उतरवतो, मग 'व्हॉट-इफ' लावतो. त्याने आज्ञा काय करणार ते नुसतं दिसतं, होत काहीच नाही. ही सोय पॉवरशेलमध्ये पहिल्यापासून आहे. वापरायची अक्कल मला २०२१ मध्ये आली, इतकंच.

असो.